घरात आलेला कागद कुठे ठेवाल? शेतकरी कुटुंबासाठी सोपी पद्धत

जून ते दिवाळी या काळात शेतकऱ्याच्या घरात सर्वांत जास्त कागद येतात. बियाण्याचे बिल, खताची पावती, विम्याची पोच, बँकेचे पत्र, वीजबिल, सोसायटीच्या सभेची सूचना, फेरफाराची नोटीस आणि पुढे सोयाबीन विकल्यावर आडतीची पट्टी. यातले काही पोस्टमन आणतो, काही कोतवाल देतो, तर काही आपण स्वतःच तालुक्याहून खिशात घालून आणतो. घरी आल्यावर हे कागद देवळीत, कॅलेंडरच्या मागे, फ्रिजवर नाहीतर भिंतीवरच्या वाकवलेल्या तारेला टोचून ठेवले जातात. गरज पडते तेव्हा नेमका हवा तो कागद सापडत नाही, किंवा सापडतो तेव्हा त्याची मुदत संपलेली असते.

नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावांत बैठकांच्या वेळी एक गोष्ट वारंवार दिसते. नुकसान होते, तक्रारही खरी असते, पण ती सिद्ध करणारा कागद हाताशी नसतो. म्हणून या लेखात पीक व्यवस्थापनाऐवजी कागदांचे व्यवस्थापन पाहू. यासाठी कपाट किंवा संगणक लागत नाही. एक पेन, दोन जाड प्लॅस्टिकच्या पिशव्या, एक पत्र्याची पेटी आणि आठवड्यातला अर्धा तास पुरतो.

मुख्य नियम एकच आहे. कागद घरात आला त्याच दिवशी त्यावर मिळाल्याची तारीख लिहा आणि त्याच दिवशी तो त्याच्या जागी ठेवा.

मिळाल्याची तारीख इतकी महत्त्वाची का?

अनेक कागदांची मुदत ते तुमच्या हातात पडल्यापासून मोजली जाते. कागद वाचला नाही म्हणून मुदत थांबत नाही. शेतकरी कुटुंबाला नेहमी लागणाऱ्या काही मुदती पुढे दिल्या आहेत.

• फेरफाराची नोटीस (नमुना ९): जमिनीच्या हक्कात बदलाची नोंद धरली की तलाठी, म्हणजे आताचे ग्राम महसूल अधिकारी, हितसंबंधित खातेदारांना नोटीस देतात आणि चावडीवर प्रत लावतात. हरकत घेण्यासाठी १५ दिवस मिळतात. हरकत लेखी द्या आणि पोच घ्या. हरकत आली की प्रकरण विवादग्रस्त म्हणून नोंदवले जाते आणि सुनावणी होते. हरकत आली नाही तर नोंद प्रमाणित होण्याचा मार्ग मोकळा होतो.
• प्रमाणित झालेल्या नोंदीविरुद्ध अपील: उपविभागीय अधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत करावे लागते. उशीर झाल्यास त्याचे कारण पटवून द्यावे लागते आणि ते नेहमी पटतेच असे नाही.
• राष्ट्रीय महामार्गासाठी भूसंपादन: राष्ट्रीय महामार्ग अधिनियमाखालील अधिसूचना प्रसिद्ध झाल्यापासून २१ दिवसांत हरकत घ्यावी लागते. नागपूर–तुळजापूर मार्गाच्या (राष्ट्रीय महामार्ग ३६१) रुंदीकरणामुळे अर्धापूर, लोहा, चाकूर, औसा या पट्ट्यातील शेतकऱ्यांना हे शब्द नवे नाहीत.
• न वटलेला धनादेश: व्यापाऱ्याने दिलेला धनादेश परत आला, तर बँकेचा परतीचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत त्याला लेखी नोटीस पाठवावी लागते. तुमचाच धनादेश परत गेला असेल आणि तशी नोटीस तुम्हाला आली असेल, तर ती मिळाल्यापासून १५ दिवसांत रक्कम भरता येते.
• ग्राहक आयोगाकडील तक्रार: तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांत दाखल करावी लागते.

आता टपालाविषयी. २०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर पोस्टाची सेवा स्पीड पोस्टात विलीन केली आहे. त्यामुळे पूर्वी रजिस्टरने येणारी सरकारी, बँकेची आणि वकिलाची पत्रे आता बहुधा स्पीड पोस्टाने येतात. "स्पीड पोस्ट आहे, काहीतरी जाहिरात असेल" असे समजून ते बाजूला टाकू नका.

"नोटीस घेतली तर अंगाला येईल" असे म्हणून पोस्टमनला परत पाठवण्याची पद्धत काही घरांत आहे. तिचा उपयोग होत नाही. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेले पत्र पोचले असे कायदा धरून चालतो, आणि पत्र घ्यायला नकार दिला तरी ते मिळाल्यासारखेच मानले जाते. नकार दिल्याने मुदत थांबत नाही, उलट पत्रात काय लिहिले होते तेवढे आपल्याला कळत नाही. म्हणून पत्र घ्या, तारीख लिहा आणि वाचा.

कागद आल्या दिवशी करायची कामे

१) मिळाल्याची तारीख लिहा. कोपऱ्यात पेनने तारीख आणि कागद कोणी आणून दिला ते लिहा. उदाहरणार्थ, "१२ जुलै, कोतवालाने दिली". घरात लिहिता-वाचता न येणारे वडीलधारे असतील तर हे काम शाळेत जाणाऱ्या मुलामुलीकडे सोपवा. मुले हे काम आवडीने करतात आणि विसरत नाहीत.

२) पाकीट फेकू नका. पाकिटावर टपालाचा शिक्का आणि स्पीड पोस्टचा क्रमांक असतो. पत्रावर १ तारीख असते आणि पत्र टपालात १८ तारखेला पडलेले असते, असेही घडते. हे दाखवायला पाकिटाशिवाय दुसरा पुरावा नसतो. पाकीट पत्राच्या मागे टाचून ठेवा.

३) चार गोष्टी शोधून अधोरेखित करा. कोणी पाठवले, कोणाच्या नावाने आले, गट क्रमांक किंवा खाते क्रमांक कोणता, आणि शेवटची तारीख कोणती. शेवटची तारीख सापडली की ती भिंतीवरच्या कॅलेंडरात लिहा. शक्यतो तीन दिवस आधीच्या चौकोनात लिहा, म्हणजे तालुक्याला जायला वेळ उरतो.

४) मोबाइलवर फोटो काढा. सावली पडू देऊ नका आणि चारही कोपरे फोटोत येऊ द्या. कुटुंबाचा व्हॉट्सॲप गट असेल तर त्यात टाका. भाऊ पुण्याला कामाला असेल किंवा मुलगी लातूरला शिकत असेल, तर त्यांच्या फोनमध्ये गेलेली प्रत ही घराबाहेरची दुसरी प्रत ठरते.

कागदासाठी तीन जागा

सगळे कागद एकाच गठ्ठ्यात ठेवले की गठ्ठा वाढतो आणि शोधायचा कंटाळा येतो. विषयानुसार दहा-पंधरा फायली केल्या तर त्या महिनाभरच टिकतात. तीन जागा मात्र कोणत्याही घरात टिकतात.

पहिली जागा: कामाची पिशवी. ज्या कागदावर आपल्याला काही करायचे आहे तो इथे ठेवा. फेरफाराची नोटीस, मोजणीची नोटीस, बँकेचे थकबाकीचे पत्र, वीजबिल, अनुदानाचे पूर्वसंमती पत्र हे सगळे याच पिशवीत. ती दिसेल अशा ठिकाणी खुंटीला टांगा. काम झाले की कागद इथून उचलून दुसऱ्या किंवा तिसऱ्या जागी जातो.

दुसरी जागा: हंगामाची पिशवी. खरीप आणि रब्बीचे बिल, टॅग, पावत्या, पट्ट्या इथे ठेवा. पिशवीवर ठळक अक्षरात लिहा, "खरीप २०२६". प्रत्येक हंगामाला नवी पिशवी करा.

तिसरी जागा: कायमची पेटी. खरेदीखत, वाटणीपत्र, फेरफार, जुने नकाशे, कर्जफेडीचा दाखला, जन्म-मृत्यूचे दाखले असे, पुढच्या पिढीलाही लागतील ते कागद या पेटीत ठेवा.

आठवडी बाजाराच्या दिवशी बाजाराला निघण्याआधी कामाची पिशवी रिकामी करून एकदा पाहा. तालुक्याला जायचेच असते, त्यामुळे तहसील, बँक किंवा महावितरणचे काम त्याच फेरीत होते. तारेला कागद टोचण्याची पद्धत मात्र बंद करा. तारेचे भोक नेमके बिल क्रमांकावर किंवा लॉट क्रमांकावर पडले की तो आकडा वाचता येत नाही.

हंगामाच्या पिशवीत काय ठेवावे?

बियाणे: आपल्या भागात सोयाबीनवर घराचा वर्षाचा हिशोब अवलंबून असतो. २०२० च्या खरिपात सोयाबीन न उगवल्याच्या तक्रारी मराठवाड्यात इतक्या आल्या की मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. अशा वेळी तक्रार ऐकली जाते ती कागदाच्या आधारे. म्हणून पुढील गोष्टी काढणी होईपर्यंत जपा.

• परवानाधारक विक्रेत्याचे पक्के बिल. त्यावर पीक, वाण, लॉट क्रमांक, वजन, किंमत, तारीख आणि विक्रेत्याची सही आहे का ते दुकानातच पाहा.
• पिशवीचा टॅग. प्रमाणित बियाण्याचा टॅग निळा असतो, पायाभूत बियाण्याचा पांढरा आणि सत्यप्रत बियाण्याचे लेबल हिरवे असते. पिशवी खालच्या बाजूने फोडा म्हणजे वरचा टॅग आणि शिलाई शाबूत राहते.
• रिकामी पिशवी आणि मूठभर बियाणे. बियाणे कापडी पुरचुंडीत ठेवून त्यावर लॉट क्रमांक लिहा.
• उगवण चाचणीची नोंद. पेरणीपूर्वी १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून पाहिले असतील, तर तारीख आणि उगवलेल्या दाण्यांची संख्या बिलाच्या मागे लिहा. सोयाबीनसाठी किमान ७० टक्के उगवण हे प्रमाण आहे.

बियाणे उगवले नाही तर तालुका कृषी अधिकारी किंवा पंचायत समितीच्या कृषी अधिकाऱ्यांकडे लगेच लेखी तक्रार द्या. सोबत बिल आणि टॅगच्या झेरॉक्स जोडा, मूळ कागद देऊ नका. तक्रार निवारण समिती पाहणीला येण्याआधी सगळे रान मोडून दुबार पेरणी केली तर पाहायला काही उरत नाही. निदान एक पट्टा तसाच राखा.

राष्ट्रीय बीज निगमाच्या एका प्रकरणात २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बियाणे विकत घेणारा शेतकरी हा ग्राहक आहे आणि त्याला ग्राहक मंचाकडे दाद मागता येते असे स्पष्ट केले आहे. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाख रुपयांपर्यंतच्या खरेदीबाबतच्या तक्रारीला शुल्क नाही. पण आपण ग्राहक आहोत हे दाखवायला बिल लागतेच. कच्च्या चिठ्ठीवर घेतलेले बियाणे चार रुपये स्वस्त पडते आणि तक्रारीच्या वेळी सगळेच महाग पडते.

या टॅगचा आणखी एक उपयोग आहे. सोयाबीन हे स्वपरागीत पीक आहे. एकदा प्रमाणित बियाणे आणले की त्याच्या उत्पादनातून पुढची दोन वर्षे घरचे बियाणे वापरता येते. ते नेमके कोणत्या वर्षी आणले, वाण कोणता होता, हे आठवणीवर सोडू नका. टॅग पिशवीत असेल तर "एमएयूएस ७१ की १६२" हा वाद घरात होत नाही आणि बियाणे बदलायचे वर्षही चुकत नाही.

खते आणि औषधे: अनुदानित खत घेताना ई-पॉस यंत्रातून पावती निघते. ती उष्णतेवर छापली जाणारी पावती असते, त्यामुळे काही महिन्यांत अक्षरे उडतात. आडतीचा काटा, इलेक्ट्रॉनिक वजनकाटा आणि एटीएम यांच्या पावत्यांचेही तसेच होते. अशा पावतीचा फोटो काढा किंवा झेरॉक्स करून दोन्ही एकत्र टाचा. कीटकनाशकाच्या बिलामागे फवारणीची तारीख आणि गट क्रमांक लिहिला की वेगळी वही ठेवावी लागत नाही.

माती परीक्षण: मृद आरोग्य पत्रिकेत सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, मुख्य अन्नद्रव्ये, गंधक आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये अशा १२ घटकांची माहिती असते. आपल्या चुनखडीयुक्त काळ्या जमिनीत जस्त आणि लोहाची कमतरता नेहमी आढळते. हा अहवाल खत खरेदीच्या आधी हातात असला पाहिजे. म्हणून त्याची मूळ प्रत कायमच्या पेटीत आणि झेरॉक्स चालू हंगामाच्या पिशवीत सर्वांत वर ठेवा. पुढचा अहवाल आला तरी जुना फेकू नका. दोन अहवाल शेजारी ठेवले तरच सेंद्रिय कर्ब वाढला की घटला हे कळते.

पीक विमा: अर्ज भरल्याची पोचपावती आल्याबरोबर चार नोंदी तपासा. नाव, गट क्रमांक, पीक आणि क्षेत्र. सोयाबीनऐवजी तूर लागले असेल किंवा गट क्रमांकातला एक आकडा चुकला असेल, तर ते अर्जाची मुदत संपण्याआधी कळले पाहिजे. विम्याच्या अटी दरवर्षी सारख्या नसतात. राज्यात २०२३ च्या खरिपापासून एक रुपयात विमा होता, २०२५ च्या खरिपापासून शेतकऱ्याचा हिस्सा पुन्हा भरावा लागतो, आणि नुकसानभरपाई कशावर ठरते यातही त्या वर्षी बदल झाले. म्हणून मागच्या वर्षीच्या आठवणीवर न जाता त्या हंगामाची पावती आणि त्या हंगामाची माहितीपत्रिका एकत्र ठेवा. ई-पीक पाहणीला कागद मिळत नाही, तिथे नोंद झाल्याच्या पडद्याचा फोटो हाच कागद समजा. हमीभाव केंद्रावर नोंदणी करताना पीकपेऱ्याची नोंद पुन्हा लागते.

अनुदान: ठिबक, तुषार किंवा अवजारासाठी महाडीबीटीवरून पूर्वसंमती मिळते. पूर्वसंमती पत्राच्या तारखेआधीचे बिल चालत नाही आणि त्यानंतर ठरलेल्या दिवसांत काम पूर्ण करून बिल अपलोड करावे लागते. पत्र छापून घ्या आणि ते कामाची पिशवी सोडून कुठेही ठेवू नका.

बाजार, कारखाना आणि बँक

आडतीची हिशोबपट्टी घेतल्याशिवाय बाजार समितीच्या आवारातून बाहेर पडू नका. पट्टीवर माल, वजन, भाव, हमाली-तोलाई आणि हाती आलेली रक्कम हे सगळे असते. वजनकाट्याची पावती आणि पट्टी एकमेकांना टाचा, म्हणजे दोन वजनांतला फरक लगेच दिसतो. तारण योजनेत माल गोदामात ठेवला असेल तर गोदाम पावती कायमच्या पेटीत ठेवा. ती पावती म्हणजे तुमचे पोते आहे.

ऊस उत्पादकांनी प्रत्येक खेपेची वजनपावती जपावी. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत एफआरपीप्रमाणे रक्कम देणे आणि उशीर झाल्यास वार्षिक १५ टक्के दराने व्याज देणे हे ऊस नियंत्रण आदेशात आहे. हे १४ दिवस मोजायला तारीख लागते आणि ती तारीख वजनपावतीवर असते.

कर्ज पूर्ण फेडल्यावर बँकेचा किंवा सोसायटीचा बेबाकी दाखला घ्या. तो तलाठी कार्यालयात देऊन सातबाराच्या इतर हक्कातला बोजा कमी करून घ्या आणि त्या अर्जाची पोच दाखल्याला टाचा. कर्ज फिटले तरी वर्षानुवर्षे बोजा तसाच राहिलेले सातबारे गावोगाव सापडतात. नवे कर्ज मागायला गेल्यावरच ते लक्षात येते.

मयत माणसाच्या नावाने आलेला कागद

आजोबा जाऊन दहा वर्षे झाली, पण सातबारावर अजून त्यांचेच नाव आहे, अशी घरे कमी नाहीत. त्यांच्या नावाने नोटीस आली की "माणूस राहिला नाही, आता काय" म्हणून ती बाजूला पडते. असा कागद सर्वांत आधी वाचा. तो तुमच्याच जमिनीबद्दल असतो. नाव जुने असले तरी हक्क आज तुमचा आहे आणि हरकतीची मुदतही तुमचीच चालू आहे.

वारसाहक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तलाठ्यांना कळवणे कायद्याने अपेक्षित आहे. मृत्यूचा दाखला, वारसांची नावे-पत्ते, सातबारा आणि ८-अ सोबत जोडून अर्ज द्या. अर्जात लेकीबाळींची नावेही लिहा. बहिणींची नावे गाळून केलेली नोंद पुढे वादात अडकते. नोंद झाल्यावर पत्रे जिवंत माणसाच्या नावाने आणि योग्य पत्त्यावर येऊ लागतात. तुम्ही गाव सोडून नांदेड-लातूर शहरात राहायला गेला असाल, तर बँक, सोसायटी आणि तलाठी कार्यालयात नवा पत्ता लेखी द्या. भावकीतल्या कोणीतरी नोटीस घेतली आणि ती तुमच्यापर्यंत आलीच नाही, ही तक्रार नंतर सिद्ध करणे अवघड असते.

यावर आणखी एक उपाय आहे. महाभूमीच्या संकेतस्थळावर "आपली चावडी" या भागात जिल्हा, तालुका, गाव निवडले की गावातील चालू फेरफाराच्या नोटिसा दिसतात. महिन्यातून एकदा पाहा. डिजिटल स्वाक्षरीचा सातबाराही १५ रुपयांत घेता येतो. वर्षातून एकदा तो काढून जुन्याशी ताडून पाहा.

घरातला कर्ता माणूस वीज पडून, सर्पदंशाने किंवा अपघाताने गेला, तर गोपीनाथ मुंडे शेतकरी अपघात सुरक्षा सानुग्रह अनुदान योजनेतून वारसांना दोन लाख रुपये मिळू शकतात. त्या दुःखाच्या दिवसांत सातबारा, वयाचा पुरावा आणि वारसाचे कागद शोधायची वेळ घरच्या बाईवर येते. म्हणून कोणता कागद कुठे आहे, हे घरातल्या किमान दोघांना माहीत हवे आणि त्यात एक बाई असावी.

कायमची पेटी आणि जुने कागद

नांदेड आणि लातूरचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात होता. त्यामुळे आपल्या घरांत उर्दूतले किंवा मोडीतले कागद, सेतवार, १९५४-५५ चे खासरा पत्रक, कुळाचे प्रमाणपत्र असे कागद अजून सापडतात. वाचता येत नाही म्हणून त्यांना रद्दी समजू नका. कुणबी नोंदींच्या शोधासाठी २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली, तेव्हा सरकारी दप्तरांबरोबर लोकांकडचे निजामकालीन पुरावेही मागवले गेले. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वी पेटीत ठेवलेल्या कागदाला कधी किंमत येईल हे आज सांगता येत नाही.

जुन्या कागदांची काळजी अशी घ्या.

• ठिसूळ झालेला कागद लॅमिनेट करू नका आणि त्यावर चिकटपट्टी लावू नका. लॅमिनेशन पुन्हा काढता येत नाही आणि चिकटपट्टीचा डाग अक्षरांवर पसरतो.
• पुन्हा पुन्हा घडी घालू नका. सुती कापडात सपाट ठेवा.
• पेटी जमिनीवर किंवा भिंतीला चिकटून ठेवू नका, खाली विटा किंवा लाकडी पाट ठेवा. माळवदाच्या आणि मातीच्या घरात वाळवी भिंतीतूनच चढते. कसर लागू नये म्हणून सुकलेला कडुनिंबाचा पाला ठेवा आणि दर उन्हाळ्यात पेटी उघडून पाहा.
• पेटीच्या झाकणाला आतून एक यादी चिकटवा: कागदाचे नाव, वर्ष, गट क्रमांक. कोणी कागद बाहेर नेला तर यादीसमोर नाव आणि तारीख लिहावी.

घराबाहेर एक प्रत असणे का गरजेचे आहे, हे आपल्या दोन्ही जिल्ह्यांना वेगळे सांगायला नको. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात दगडमातीची घरे कोसळली, आणि घरात होते ते सगळे ढिगाऱ्याखाली गेले. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यातील हसनाळ आणि आसपासच्या गावांत पुराचे पाणी घरांत शिरले. माणसे वाचवायच्या वेळी कागद कोणी शोधत नाही आणि शोधूही नयेत. म्हणूनच फोटो दुसऱ्या गावी राहणाऱ्या नातेवाइकाकडे आधीच पाठवलेले असावेत आणि मुख्य कागद जाड प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या फळीवर असावेत.

कागद भिजले तर उन्हात टाकू नका आणि इस्त्री करू नका. सावलीत, पंख्याखाली, कोऱ्या कागदावर एकेक सुटा करून वाळवा. चिकटलेले कागद ओढून काढू नका. नष्ट झालेल्या कागदांची नक्कल मिळते. खरेदीखताची दुय्यम निबंधक कार्यालयातून, जुन्या सातबारा-फेरफाराची तहसीलच्या अभिलेख कक्षातून आणि नकाशाची भूमी अभिलेख कार्यालयातून. मात्र त्यासाठी दस्त क्रमांक, वर्ष आणि गट क्रमांक सांगावे लागतात. मोबाइलमधला फोटो अशा वेळी उपयोगी पडतो.

काय टाकून द्यावे?

सगळेच जपून ठेवले तर हवे ते सापडत नाही. उन्हाळ्यात मशागत आटोपली की एक दिवस काढा. भरलेली वीजबिले दोन वर्षांची ठेवून बाकीची काढून टाका, पण थकबाकीचा किंवा चुकीच्या रीडिंगचा वाद चालू असेल तर त्या काळातले एकही बिल टाकू नका. हंगामाच्या पिशव्या तीन वर्षांच्या ठेवा. ज्या हंगामाचा विमा, अनुदान किंवा तक्रार अजून मिटलेली नाही ती पिशवी मिटेपर्यंत हलवू नका. आधार किंवा बँक खाते क्रमांक असलेले कागद फाडून टाका, तसेच भंगारवाल्याला देऊ नका.

कृषी सहायक आणि शेतीशाळा घेणाऱ्यांसाठी

खरीपपूर्व बैठकीत बीजप्रक्रियेच्या प्रात्यक्षिकासोबत दहा मिनिटे यासाठी द्या. एक खरे बिल आणि एक टॅग फिरवून वाण, लॉट क्रमांक आणि तारीख कुठे असते ते दाखवा. प्रत्येकाला घरून शेवटची आलेली नोटीस घेऊन यायला सांगा आणि तिच्यावरची शेवटची तारीख शोधायला लावा. महिला बचत गटाच्या बैठकीत हाच विषय आवर्जून घ्या. टपाल आणि कोतवालाचा कागद बहुतेक वेळा घरात असलेल्या बाईच्याच हातात पडतो.

सुरुवात करायला जुना गठ्ठा आवरण्याची गरज नाही. गठ्ठा तसाच पेटीत ठेवा, उन्हाळ्यात पाहता येईल. आज जो कागद घरात येईल त्याच्यावर तारीख लिहा आणि खुंटीला पिशवी टांगा. एक हंगाम हे जमले की दिवाळीनंतर पट्टी, बिल आणि विम्याची पावती एका जागी सापडेल, आणि एकरी खर्च किती आला व हातात काय राहिले हे अंदाजाने नाही, कागद पाहून सांगता येईल.